कामाचा ताण : ताळेबंदात न दिसणारे देणे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्यकीय क्षेत्रातील तज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही कामाच्या ठिकाणच्या ताणाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करतो, कारण हा विषय आपल्या परिसरातील घराघरांशी निगडित आहे.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि त्यानंतर चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी हजारो कुटुंबांना अन्न दिले, त्याचबरोबर फिरत्या पाळ्याही दिल्या. पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते. शरीराचे घड्याळ मात्र तितक्या लवकर बदलत नाही. त्यात पुणे-नाशिक महामार्गावरील वाहतूक कोंडी, वरिष्ठांचे उत्पादनाचे उद्दिष्ट आणि कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ मिळण्याची धास्ती यांची भर पडते.

ताण म्हणजे केवळ मनाचा खेळ नव्हे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली त्याचे शरीरावरील परिणाम मांडले. संकटसमयी ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, हृदयाची गती व रक्तदाब वाढतो. घटकाभर हे उपकारक असते. महिनोन्‌महिने चालले तर झोप, पचन, रक्तदाब सारेच बिघडते. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 साली दाखविले की, काम भरपूर पण त्यावर स्वतःचे नियंत्रण नाही, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. म्हणजेच, थकलेल्या माणसाला दुबळा ठरविण्यापूर्वी त्याच्या कामाची मांडणी तपासली पाहिजे.

हे मला फार उशिरा उमगले. आपल्याच रुग्णालयातील एका अनुभवी परिचारिकेने सलग दुसऱ्या पाळीच्या अखेरीस एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवले. सहकारी भगिनीच्या वेळीच लक्षात आल्याने अनर्थ टळला. मी मेमो देण्याच्या तयारीत होतो. ड्युटीचे पत्रक मागविले, तेव्हा त्या महिन्यात तिच्या नावावर 6 दुहेरी पाळ्या दिसल्या आणि खाली सही माझी होती. रिक्त पद न भरल्यामुळे वाचलेले वेतन मी विश्वस्तांपुढे ‘बचत’ म्हणून मांडले होते. वस्तुतः ती रक्कम त्या भगिनीच्या झोपेतून उसनी घेतलेली होती आणि तिची परतफेड एखाद्या रुग्णाला करावी लागली असती.

मेमो दिला नाही. आता सलग दुहेरी पाळी लेखी परवानगीशिवाय लावली जात नाही आणि पत्रक पंधरा दिवस आधी लावले जाते. परंतु एवढ्याने भागणार नाही. रजा-राखीव परिचारिकांची 3 पदे भरणे निकडीचे आहे. देणगीदार यंत्रसामग्रीसाठी उदार हस्ते साहाय्य करतात; यंत्राजवळ जागणाऱ्या माणसाच्या विश्रांतीसाठीही ते करावे, अशी नम्र विनंती आहे.

कुटुंबीयांनाही एक सांगणे आहे. घरातील कर्ता माणूस सतत चिडत असेल, झोपत नसेल, व्यसनाकडे वळला असेल, तर त्याला दूषण देऊ नये; बोलते करावे आणि डॉक्टरांकडे आणावे. छातीत दुखणे ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून मुळीच अंगावर काढू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

जी परिचारिका आपल्या आप्तांची शुश्रूषा करते, ती स्वतः विसावलेली असावी, ही जबाबदारी प्रथम माझी आहे. ती पार पाडण्यास आपले सहकार्य लाभावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.