एका चित्रबिंदूची दुरुस्ती

आजोबांचे एक मोडी पत्र माझ्या संग्रही आहे. शेताच्या वाटणीसंबंधी ते असून ज्या भावाला विहिरीकडचा तुकडा द्यावयाचा, त्याच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर शाईचा डाग पडलेला आहे. पत्राची संगणकीय प्रतिमा करून तेवढा डाग पुसावा, या हेतूने मी जावा भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. मी कचेरीतला माणूस. हा उद्योग केवळ हौसेचा.

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा तक्ता. रसेल किर्श यांनी १९५७ साली अमेरिकेत आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले, ते उभेआडवे १७६ ठिपक्यांचे होते. जावातील ‘बफर्डइमेज’ असाच तक्ता सांभाळते. तिच्यातील प्रत्येक ठिपक्याचा रंग एका पूर्णांकात मागता येतो. त्यात अपारदर्शकता, तांबडा, हिरवा व निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे आकडे एकत्र बांधलेले असतात. गंमत अशी, की या हिशेबात शुभ्र पांढऱ्याची किंमत उणे एक भरते!

मी प्रत्येक ठिपका सोळापट मोठा करून दाखविला. माउस १६३ या स्थानी दाबला, की सोळाने भागून बाकी सोडावयाची. शून्यापासून मोजता दहावा ठिपका हाती येतो. ‘सेटआरजीबी’ने त्याचा रंग पालटला, तरी पडदा ढिम्म! तक्ता निराळा आणि पडदा निराळा, हे माझ्या उशिरा ध्यानी आले. ‘रिपेंट’ने विनंती करावी, तेव्हा ‘पेंटकंपोनंट’ तक्ता पाहून पडदा नव्याने रंगवितो. थेट पडद्यावर रंग फासला, तर खिडकी लहानमोठी करताच तो नाहीसा होतो.

पुढे मी प्रत जेपीईजी स्वरूपात जतन केली. उघडून पाहतो तो ज्यांना शिवलोही नव्हतो, अशा ठिपक्यांचेही आकडे किंचित हललेले! जागा वाचविण्यासाठी ही पद्धत तपशील गाळते. पीएनजी तसे करीत नाही.

खरी अडचण त्यानंतरची. चार ठिपके पुसले, तर एका भावाचे नाव वाचता येई. आणखी दोन पुसले, तर दुसऱ्याचे. कचेरीत नोंदीवर खाडाखोड केली, तर शेजारी सही करावी लागते. ठिपक्याशेजारी सहीला जागा नाही. मूळ प्रतिमा अस्पर्श राहावी आणि केलेला प्रत्येक बदल स्थानासह वेगळा लिहिला जावा, एवढी सोय मी प्रोग्रॅममध्ये केली. डाग मात्र दोन्ही प्रतींत अद्याप तसाच आहे.