गडाखालच्या गावांचे दप्तर

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना साखर-गुंजवण्याचा रस्ता मार्गासनीत फुटतो. राजगडाला निघालेल्यांना मार्गासनी ठाऊक असते ती बहुधा एवढ्यापुरतीच. मग स्थानिक वारशाची परिषद गडावर किंवा पुण्यात न भरवता इथे का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझे म्हणणे असे की गडाखालच्या लहान गावांचा इतिहास ही गडाच्या इतिहासाची पुरवणी नव्हे. त्याला स्वतःचे वजन आहे आणि तो गावानेच नोंदवून ठेवला पाहिजे.

भोर तालुक्यातले कारी घ्या. शिवाजी महाराजांचे सहकारी कान्होजी जेधे यांचे गाव. शिवजन्माचे साल १६२७ असे कितीतरी काळ धरले जात होते. कारीच्या जेधे घराण्यात जपलेली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या शिवभारतातही हीच तिथी आहे. वाद पुष्कळ वर्षे चालला. शेवटी २००१ मध्ये राज्य शासनाने ही तारीख स्वीकारली. साऱ्या महाराष्ट्राची दिनदर्शिका दुरुस्त करणारा हा कागद कुठल्या सरकारी दफ्तरखान्यात नव्हता, एका खेड्यातल्या घरात होता. तो वाळवीने खाल्ला असता तर? खुद्द गडही गावांच्याच आधारावर होता. राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. गडावरची शिबंदी आसपासच्या खोऱ्यांतल्या माणसांवर आणि धान्यावर उभी होती. २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती नोंद गडाची झाली. गावांची नोंद करायचे काम अजून आपल्याकडेच आहे.

ऐकीव गोष्टींना पुरावा म्हणत नाहीत, असा आक्षेप जाणकार घेतात. तो रास्त आहे. महाराज आमच्याच गावात मुक्कामाला होते, असे सांगणारी गावे थोडी नाहीत. म्हणूनच सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याने ते कोणाकडून ऐकले हे लिहावे, आणि ते कागदोपत्री पुराव्यापासून वेगळे ठेवावे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी मुळशीच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. ओवी कोणी म्हटली, कोणत्या गावात, याची नोंद त्यात आहे. सासुरवास, माहेरची ओढ, शेतातले कष्ट हे बखरकारांनी लिहिले नाही. ते ओव्या म्हणणाऱ्या बायांच्या तोंडी टिकले. आणि पुरावा नेहमी तोंडीच असतो असेही नाही. नसरापूरच्या बनेश्वराच्या देवळातल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल कोरलेले आहे. शिवाच्या देवळात क्रूसाची घंटा! ती इथे कशी आली हे न विचारता आपण ती वाजवतो आणि पुढे जातो.

वारशाने पोट भरत नाही, हा दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे. पोरे कामासाठी पुण्याला जातात, भातखाचरे विकली जातात, तिथे फार्महाऊस उभी राहतात. जमीन विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याची अडचण खरी असते. पण खाचर गेले की खाचराचे नावही जाते, आणि त्या नावात कधी एखादे जुने इनाम असते, कधी बुजलेली विहीर, कधी मोडलेले देऊळ. पानशेतच्या धरणाखाली वेल्ह्यातली गावे गेली. तिथल्या बांधांची, पाणवठ्यांची नावे आता म्हाताऱ्या माणसांपाशीच उरली आहेत. ती लिहून घ्यायला वही, पेन आणि चार संध्याकाळी पुरतात. कोणाचा रोजगार बुडत नाही.

तेव्हा आग्रहाची विनंती अशी. प्रत्येक गावाने आपले दप्तर सुरू करावे. शेतांची आणि पाणवठ्यांची नावे आधी लिहावीत. वीरगळांना ऑईलपेंट फासू नये, त्यांची जागा हलवू नये. घरात मोडी कागद असतील तर ते गंगेत सोडण्याआधी त्यांचे फोटो काढावेत आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकारांना दाखवावेत. परिषद संपून घरी जाल, त्याच आठवड्यात पहिले पान लिहा.