अण्णांचे स्मरण
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्यांचे छायाचित्र आज व्यासपीठावर ठेविले आहे, त्या सद्गृहस्थांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आपल्या ज्ञातीत लहानथोर सारे त्यांना अण्णाच म्हणत. गेल्या भाद्रपदात वयाच्या ८७ व्या वर्षी ते निवर्तले. कराडास त्यांच्या शेजारी आम्ही २२ वर्षे काढली. त्यामुळे आम्ही सांगणार ते बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले, काही त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे.

अण्णा १९६० साली कोयना प्रकल्पावर ओव्हरसिअर म्हणून लागले व १९९६ साली उपअभियंता होऊन निवृत्त झाले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस न्यावयाचे, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यापासून वीज करावयाची व मग ते वाशिष्ठीत सोडावयाचे, ही योजना ते अशा आपुलकीने सांगत की, ऐकणारास ती आपल्याच मळ्यातील पाटाची गोष्ट वाटावी. ज्यांची गावे जलाशयाखाली गेली त्यांचा उल्लेख मात्र ते कधी टाळीत नसत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. अण्णांच्या बिऱ्हाडाची भिंत कोसळली, आणि काकू चार महिन्यांच्या मुलास पदराखाली घेऊन अंधारात बाहेर पडल्या. धरण उभे राहिले, पण त्यास भेगा पडल्या. त्या भेगा शोधून, मोजून, तारीख घालून नोंदविण्याच्या कामावर अण्णा होते. पुढे भेगांत इपॉक्सी भरले, पोलादी तारांनी धरण आवळले आणि खालच्या अंगास आधारभिंती बांधल्या. भेग आधी नोंदवावी, मग बुजवावी. नुसता गिलावा केल्याने ती बुजत नाही, असे ते म्हणत.

त्या पहाटे वाचलेला हा एकुलता मुलगा २००९ साली हृदयविकाराने गेला. मागे पत्नी, ११ वर्षांची मुलगी व ६ वर्षांचा मुलगा. बाबा दूर गावी गेले आहेत असे धाकट्यास सांगावे, असा सल्ला पुष्कळांनी दिला. अण्णांनी तो मानला नाही. दोन्ही नातवंडांना जवळ बसवून त्यांनी झाले ते सरळ सांगितले, आणि त्या रात्री तिघेही एकाच सतरंजीवर निजले. त्या दिवसापासून सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने पुन्हा संसार मांडला. डबे भरणे, वह्यांना पुठ्ठे घालणे, पालकसभेस वेळेच्या आधी जाऊन बसणे, हे सारे त्यांनी केले. सूनबाईंस नोकरी करण्याचा आग्रहही त्यांचाच.

२५ एप्रिल २०१२ रोजी कोयना जलाशयास दुसऱ्यांदा तळातून छेद दिला गेला. जलाशय रिकामा न करता बोगदा त्याच्या तळापर्यंत न्यावयाचा, शेवटचा खडक राखून ठेवावयाचा व तो सुरुंगाने उडवावयाचा, हे नातवास समजेना. अण्णांनी पत्र्याच्या डब्यास भोक पाडून नळी बसविली, आतून मातीचा गोळा लावला, डबा पाण्याने भरला आणि नळीतून काडीने गोळा ढोसावयास सांगितले. ओसरी भिजली, काकू रागावल्या. आमची पायताणेही वाहून अंगणात गेली!

नात बारावी होताच, २०१६ साली, आपल्याच ज्ञातीतील काही वडीलधारी मंडळी स्थळ घेऊन आली. बापाविना पोरीस फार शिकवू नये, असा त्यांचा अभिप्राय. ती मंडळी आज येथे बसली आहेत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांचे म्हणणे आम्हांस तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. अण्णांनी चहा दिला व सांगितले की, हा आमच्या घरचा चालू प्रकल्प आहे, अर्धवट सोडता येणार नाही. निवृत्तिवेतनातून त्यांनी तिची चार वर्षांची फी भरली. आज ती जलसंपदा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. धाकटा अद्याप शिकत आहे.

अण्णांची आलेखनाची पेटी, मोजपट्ट्या व स्थापत्याची ४० पुस्तके त्यांच्या नातीने आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीस दिली आहेत. ती कार्यालयातील कपाटात ठेविली असून, ज्या मुलामुलींना हवी असतील त्यांनी रविवारी सकाळी चिटणिसांकडे नोंद करून न्यावीत.