चित्र कोणाचे आणि मिळकत कोणाची?



१९ जुलै २०२३ च्या रात्री चौकनजीकच्या इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वस्तीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर नेता येत नव्हती, म्हणून मदतकर्त्यांनी भर पावसात पायी चढून माती उपसली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. त्या दिवसांतील आक्रोश वृत्तवाहिन्यांनी टिपला आणि आपापल्या बोधचिन्हासह यूट्यूबवरही चढवला. कॅमेरे तेथे पोचले नसते तर डोंगरावरच्या वाडीकडे राज्याचे लक्ष इतक्या तातडीने गेले असते काय, ही शंका रास्तच आहे. तेव्हा प्रश्न दाखवण्याचा नाही. दाखवलेल्या चित्रावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आहे.

या सत्तेसाठी प्रसारमाध्यमांच्या कंपन्या आणि चित्रफितींची संकेतस्थळे यांच्यात मोठी लढाई झाली. २००५ साली सुरू झालेले यूट्यूब पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलर मोजून विकत घेतले. २००७ साली व्हायकॉम या अमेरिकन कंपनीने आपल्या कार्यक्रमांची चोरी होते म्हणून त्याच्यावर १०० कोटी डॉलरचा दावा लावला. त्याच वर्षी भारतात टी-सीरीज दिल्ली उच्च न्यायालयात गेली. चोरी, लूट, कलावंतांचे हक्क असे मोठमोठे शब्द तेव्हा उच्चारले गेले. शेवट काय झाला? व्हायकॉमचा दावा २०१४ साली तडजोडीने मिटला. टी-सीरीजनेही जुळवून घेतले आणि २०१९ साली तीच कंपनी यूट्यूबवर जगात सर्वाधिक वर्गणीदार असलेली वाहिनी ठरली! भांडण मालाच्या पावित्र्याचे नव्हते, वाट्याचे होते, हे यावरून उघड होते.

हा वाटा ठरवणारी यंत्रणाही याच काळात उभी राहिली. हक्कदार कंपनी आपल्या चित्रफितीचा नमुना संकेतस्थळाकडे ठेवते. कोणी तिचा तुकडा चढवला की यंत्र तो ओळखते. मग तो बंद करायचा, की त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे वळवायचे, हे कंपनी ठरवते. चित्रफितीसोबतच्या जाहिरातींच्या उत्पन्नातील सर्वसाधारणपणे ४५ टक्के संकेतस्थळ ठेवते आणि ५५ टक्के वाहिनीला देते. दोघांचा हिशेब चोख आहे. परंतु या हिशेबाच्या वहीत तिसऱ्याचे खातेच उघडलेले नाही.

तो तिसरा कोण? एक म्हणजे चिखल तुडवत वर गेलेला तालुका वार्ताहर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्रफीत तयार झाली, तर उलट करार नसल्यास सांगणारा तिचा पहिला मालक ठरतो. वार्ताहराच्या हाती बातमीमागे ठरलेले पैसे पडतात. पुढच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध उरत नाही. दुसरा म्हणजे चित्रातला माणूस. गायकाला, नटाला कायदा सादरकर्ता म्हणून काही हक्क देतो. आईबापांसाठी टाहो फोडणारे पोर मात्र सादरकर्ते नव्हे, म्हणून या कायद्यात त्याला स्थान नाही. खाजगीपणाच्या नावाने त्याने संकेतस्थळाकडे तक्रार करावी म्हटले, तर ती दृश्ये वृत्तमूल्याची आहेत की नाहीत, याचा विचार संकेतस्थळच करणार.

तिसऱ्याची ही कोंडी वाडीपुरती मर्यादित नाही. यूट्यूबच्या नियमानुसार ९० दिवसांत स्वामित्वभंगाचे तीन ठपके बसले की वाहिनी बंद होऊ शकते. २०२५ च्या मे महिन्यात काही स्वतंत्र चित्रफितकारांनी जाहीर तक्रार केली की, काही सेकंदांच्या दृश्यांवरून असे ठपके लावून एएनआय ही वृत्तसंस्था लाखो रुपयांचा परवाना घ्यायला भाग पाडते. आपण कायद्याने मिळालेला हक्कच बजावतो, असे संस्थेचे म्हणणे. टीका-समीक्षणासाठी आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची मुभा त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. पण न्यायालयात ती सिद्ध होईपर्यंत ज्याची वाहिनी बंद पडेल, त्याला ती मुभा काय कामाची?

कायदा बदलत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २०१२ साली संसदेने याच कायद्यात दुरुस्ती केली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा निर्मात्याला लिहून घेता येणार नाही, असे ठरवले. निर्माता हा एकमेव धनी नव्हे, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. तेच पुढे नेले पाहिजे. वार्ताहराच्या दृश्यांना जालावर उत्पन्न मिळेल तोवर त्याला त्यातला वाटा मिळावा. आपत्तीच्या दृश्यांवर जाहिरात लावू नये. आपल्या मृतांची दृश्ये काढून टाकण्याची किंवा त्यांची प्रत विनामूल्य मिळण्याची मागणी वाचलेल्या कुटुंबांना करता यावी, आणि तिचा निर्णय कंपनीच्या कचेरीत न होता सार्वजनिक प्राधिकरणापुढे व्हावा.

इर्शाळवाडीच्या वाचलेल्या माणसांना निवारा चौक परिसरातच मिळाला. घराबरोबर घरच्यांची छायाचित्रेही मातीखाली गेलेल्या कुटुंबाला आपल्या माणसांचे चालतेबोलते चित्र जर कोठे उरले असेल, तर ते एखाद्या वाहिनीच्या मालकीचे असावे काय? या प्रश्नाचे उत्तर दोन कंपन्यांच्या तडजोडीतून मिळणार नाही. ते लोकांनी संघटितपणे मागावे लागेल.