हे कसं आलं, ते विचारा

(नागपूर येथे बचतगटातील बायका आणि त्यांच्या शाळकरी मुली यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



पहाटे कॉटन मार्केटातून भाजी उचलून दुपारपर्यंत वस्तीत विकणारी बाई सुट्या पैशांसकट सगळा हिशेब तोंडी करते. मुलीची गणिताची वही पुढे आली की तीच म्हणते, "मला त्यातलं काय कळतं?" हे तिच्या मनावर कुणी बिंबवलं?

मुलींना गणित कशाला, गृहशास्त्र पुरे, असं आपल्याकडे फार काळ म्हटलं गेलं. हंसा मेहता समितीने (१९६२-६४) मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत असं सांगितलं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सर्वांना आवश्यक मानलं. कागदावर प्रश्न सुटला. पण अजूनही कितीतरी घरांत संध्याकाळी मुलगा वही घेऊन बसतो आणि मुलगी कणीक मळते. उरलेल्या वेळात ती गाईडमधलं उत्तर उतरवून काढते. पायऱ्या गळतात, आणि त्यांच्यासोबत "हे कसं आलं?" असं विचारायची सवयही जाते.

ही सवय जाणं किती महागात पडतं, ते गृहपाठातल्याच एका गणितात पाहू. मुद्दल १२,००० रुपये, दर साल दर शेकडा १२, मुदत १ वर्ष. सरळव्याज किती?

पहिली पायरी: काय दिलंय ते लिहा. दुसरी: काय विचारलंय ते लिहा. तिसरी: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले १००. उत्तर १,४४० रुपये. शाळेत याला पूर्ण गुण.

आता चौथी पायरी, आपली: हे उत्तर कधी खरं? सगळे १२,००० वर्षभर आपल्याकडे राहिले तर. पण आपण दर महिन्याला १,००० मुद्दल फेडतो. म्हणजे पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,०००, दुसऱ्यात ११,०००, शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का. व्याज झालं १२०, ११०, १०० असं उतरत शेवटी १०. बेरीज करा: ७८० रुपये.

दर दोन्हीकडे बाराच, फरक ६६० रुपयांचा. कर्ज देणारा "फ्लॅट बारा टक्के" म्हणतो तेव्हा, फेडून टाकलेल्या पैशावरही तो व्याज घेत असतो. सही करण्याआधी विचारा: व्याज पूर्ण मुद्दलावर, की उरलेल्या शिलकेवर?

आयांनो, सूत्र येत नसलं तरी मुलीजवळ बसा. काय दिलंय, काय विचारलंय, हे कसं आलं, असं तिला विचारत राहा. सांगता सांगता तिचं तिलाच उमगेल. गटाचं कर्जखातं तिच्याकडून पायरीपायरीने मोठ्याने वाचून घ्या. आणि संध्याकाळचा एक तास तिला मोकळा द्या. त्या वेळची कणीक घरातल्या मुलाने मळावी, बापाने मळावी. कामाची ही वाटणी झाल्याशिवाय तिच्या वहीतला भागाकार पुरा व्हायचा नाही.