चित्रातला आवाज जपताना



ज्या गावात ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके जन्मले, त्या त्र्यंबकेश्वरी चित्र आणि आवाज यांच्या नात्याविषयी बोलणे उचितच होय. दादासाहेबांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ मुका होता. पात्रे ओठ हलवीत आणि प्रेक्षक पडद्यावरच्या पाट्या वाचीत. पुढे १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला, १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी वाणी ऐकवली, आणि दादासाहेबांनीही १९३७ साली ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट दिला.

बोलपट आला म्हणजे नेमके काय झाले? फिल्मच्या पट्टीवर चित्रांच्या कडेला एक अरुंद रेघ आली, ती आवाजाची. गंमत अशी की, चित्र आणि त्याचा आवाज अगदी शेजारी शेजारी नसत. चित्र यंत्रात सेकंदाला २४ वेळा थांबत थांबत सरकते. आवाजाला मात्र अखंड, एकसारखी गती लागते. म्हणून आवाज काही चौकटी पुढे छापीत. पट्टी एक, पण बिऱ्हाडे दोन!

आपल्या मोबाइलमधल्या चित्रफितीचेही तसेच आहे. एमपी४ नावाची फाइल हा एक डबा समजा. त्यात चित्राची पुडी वेगळी, आवाजाची वेगळी; चालवताना घड्याळ जुळवून दोन्ही एकत्र ऐकवल्या-दाखवल्या जातात, इतकेच. तेव्हा आवाज काढायचा म्हणजे आवाजाची पुडी तेवढी उचलायची.

पण हा खटाटोप करावा कशासाठी? पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेस येथे दिंड्या येतात. कीर्तने, भजने मोबाइलवर टिपली जातात. घरोघरी आजीच्या ओव्याही कोणी टिपून ठेवतो. मोबाइल भरला की पहिली कुऱ्हाड चित्रफितींवर पडते, कारण जागा त्याच खातात. आणि चित्राबरोबर आवाजही जातो. तासाभराच्या चित्रणाला सहज काही गिगाबाइट लागतात. त्यातला आवाज सेकंदाला १२८ किलोबिट या मापाचा असेल, तर तासाला ५८ मेगाबाइटही लागत नाहीत. चित्र ठेवणे परवडत नसेल, तर आवाज तरी का घालवावा?

घरच्या संगणकावर याची साधने फुकट मिळतात. व्हीएलसीमध्ये रूपांतराची सोय आहे. एफएफएमपेग या साधनाला एका ओळीची आज्ञा पुरते: चित्र सोड, आवाज आहे तसाच उतरवून घे. या ‘आहे तसाच’ शब्दांवर आमचा भर आहे. पुष्कळ लोक सवयीने एमपी३ करतात. परंतु डब्यातला आवाज बहुधा आधीच दाबून लहान केलेला असतो. एमपी३ करताना तो पुन्हा दाबला जातो आणि काही बारकावे गळतात. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढावी तसे हे आहे. नुसता उतरवून घेतला तर काहीच गळत नाही, आणि कामही काही क्षणांत होते.

खरखर काढायची किंवा काटछाट करायची असेल, तर ऑडॅसिटीत डब्ल्यूएव्ही रूपातली वेगळी प्रत घ्यावी. सीडीच्या मापाने तिला तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतील. मूळ प्रतीला हात लावू नये.

कपाटातल्या लग्नमुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी मात्र थांबणार नाहीत. त्यांची फीत झिजत आहे, आणि नवे व्हीसीआर बनवणारी फुनाई ही जपानी कंपनीही २०१६ साली त्या धंद्यातून बाहेर पडली. चालू यंत्र मिळेल तोवर त्या संगणकात उतरवून घ्याव्यात.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. आवाज काढता येतो म्हणून तो आपला होत नाही. कीर्तनकाराचे कीर्तन घरी ऐकणे निराळे आणि त्याला न विचारता गावभर वाटणे निराळे. कलावंताचा हक्क कायदा मानतो, आपणही मानावा.

शेवटी, काढलेल्या फाइलला नाव द्या: कोण बोलले, कोठे, कोणत्या दिवशी. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. चित्रात चेहरा पाहून माणूस ओळखता येतो; नुसत्या आवाजाला ती सोय नसते. आज आपल्याला ओळखीचा असलेला आवाज पन्नास वर्षांनी नातवंडांना ओळखता यावा, यासाठी आज लिहिलेल्या दोन ओळीच उपयोगी पडतील.