पोट दुखते म्हणणारे पोरगे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत रामटेक येथे एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

समितीची पोरे घरी आली तेव्हा म्हणाली, "सर, शिक्षणावर बोला." मी म्हटले, बाबांनो, शिक्षणावर मी उभ्या नोकरीत बोललो. ज्याच्यावर बोलायला पाहिजे होते आणि बोललो नाही, त्याच्यावर आज बोलतो. विषय आहे आपल्या वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनाचा. आदिवासी मुलांच्या आणि आपल्याही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी एका आश्रमशाळेत शिकवीत होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. सातवीत एक गोंड पोरगा होता. जंगलातल्या गावचा. दिवाळीची सुट्टी संपवून आला आणि रोज संध्याकाळी म्हणू लागला, "पोट दुखते जी." दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, गोळ्या दिल्या. दुखणे काही थांबेना. तो फाटकाजवळ जाऊन बसायचा. बोलताना त्याच्या तोंडी गोंडी शब्द यायचे, तर बाकीची पोरे त्याला चिडवायची. आम्ही शिक्षक हसायचो. एका रात्री तो पळाला. सकाळी रस्त्यावर सापडला. मी त्याला आणले आणि सगळ्या पोरांसमोर छडीने मारले. त्यानंतर तो गप्प झाला. अगदी गप्प. मी आपला समजलो, पोरगा सुधारला. होळीला घरी गेला तो परत आलाच नाही.

पुष्कळ वर्षांनी मनसरच्या बसथांब्यावर एका धिप्पाड माणसाने माझ्या पायाला हात लावला. तोच तो. चहा घेतला. मी म्हटले, "तुला मारलं होतं रे मी." तो म्हणाला, "तुमी मारलं त्याचं काई नाई जी, गुरुजी. पन मले कोनी इचारलंच नाई, कायले पयतं म्हनून." मग त्याने सांगितले. त्या दिवाळीत त्याची लहान बहीण तापाने गेली होती. माय घरी एकटी रडत असेल, म्हणून तो पळाला होता.

आम्ही त्याचे पोट तपासले. मन कोणी तपासले नाही.

त्या काळी आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन वाक्ये नेहमी ऐकू यायची. एक, "आदिवासी पोरं मनानं कच्ची असतात, शाळेत टिकत नाहीत." दुसरे, "त्यांना कसलं टेन्शन? जंगलातली मोकळी पोरं." दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून यायची. यातले खरे कोणते? माझ्या मते दोन्ही खोटी. पण शिक्षकाच्या मताला पुरावा पाहिजे. तो मला फार लांबच्या देशात सापडला.

युरोपच्या अगदी वरच्या टोकाला, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात, सामी नावाचे आदिवासी राहतात. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. त्यांच्यातले काही लोक रेनडिअर पाळतात, काही मासेमारी करतात, आज पुष्कळसे शहरात नोकरीला आहेत. त्यांची भाषा वेगळी, गाणे वेगळे, पोशाख वेगळा. मिशनऱ्यांनी त्यांचे पूजेचे ढोल जाळले. पुढे नॉर्वेच्या सरकारने त्यांना 'नॉर्वेजियन' करायचे ठरविले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वसतिशाळा बांधल्या, लेकरांना घरापासून दूर ठेवले आणि शाळेत त्यांच्या मायबोलीला बंदी केली. कितीतरी मायबापांनी मग घरातसुद्धा पोरांशी सामी बोलणे सोडून दिले. लेकराला आपल्यासारखे हसू नये कोणी, म्हणून. हे ऐकून इथल्या किती जणांना आपले घर आठवले, हात वर करायला सांगत नाही.

त्या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या तीन जिल्ह्यांत २००३ ते २००५ या काळात दहावीच्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. पंधरा-सोळा वर्षांची जवळपास पाच हजार मुले. त्यांत दहातले एक सामी. झोप, चिंता, उदासी, घरची परिस्थिती, चिडवाचिडवी, सगळे विचारले. जाणकारांना वाटत होते की, एवढा अन्याय सोसलेल्या समाजाची मुले मनाने जास्त आजारी निघतील. निघाले काय? सामी आणि बिगरसामी मुलांच्या त्रासात सरासरीने फार मोठा फरक नव्हता. दोन्हीकडे मुलींना चिंता आणि उदासी मुलांपेक्षा जास्त. मात्र आपल्या जातकुळीवरून हिणवले जाण्याचा अनुभव सामी मुलांनी जास्त सांगितला. आणि ज्यांना हिणवले गेले, त्यांचे मन जास्त दुखावलेले होते.

बघा, यातून काय निघते? आदिवासी असणे हा आजार नाही. आदिवासी म्हणून हिणवले जाणे, त्याने माणूस आजारी पडतो.

मग एवढे सोसूनही ती मुले सावरली कशी? कौतोकेइनो नावाचे सामी लोकांचे एक मोठे गाव आहे. तिथल्या मुलांना संशोधकांनी हेच विचारले. उत्तरांतून तीन गोष्टी पुढे आल्या: मोठा गोतावळा, आपली भाषा आणि आपल्या जमिनीवर, जनावरांत काम करण्याची सवय. काका, मावशी, आजी यांपैकी कोणीतरी असतेच, ज्याच्याजवळ जाऊन बसता येते. कारासयोक या गावी तर सामी भाषेत मानसोपचार देणारे केंद्र आहे. दुखणे आपल्या भाषेत सांगता येणे हेसुद्धा औषधच आहे. त्यांचा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. तरुणांच्या आत्महत्यांचे दुःख तिथेही आहे. पण १९८९ साली त्यांची स्वतःची संसद उभी राहिली, १९९७ साली नॉर्वेच्या राजाने झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली, २०२३ मध्ये सत्यशोधन आयोगाने आपला अहवाल दिला आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेनेही माफी मागितली. राजा माफी मागतो, आणि मला त्या पोराची माफी मागायला बसथांबा गाठावा लागला!

आता आपल्या तालुक्यात येऊ. रामटेकच्या गडावरून उत्तरेकडे बघितले की पेंचचे जंगल दिसते. तिकडे देवलापारच्या बाजूला गोंडांची गावे आहेत. ज्या नागपूर शहराचा आपण अभिमान सांगतो, ते गोंड राजा बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसविले. त्याच राजाच्या लेकराला आपण "जंगली" म्हणून चिडवतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मायबोली सांगणारे देशात तीस लाखांच्या आसपास होते. तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि शाळेत तिला बाक नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकविणारी शाळा स्वतः काढली, कौतोकेइनोच्या मुलांनी जे सांगितले तेच ओळखून. लेकराला त्याच्या भाषेत "काय झालं?" विचारणारे कोणीतरी पाहिजे.

आणि आपण? आपण बौद्धांनी तर हे विसरताच कामा नये. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांच्या भेटीला निघालेल्या छोट्या भीमरावांना आणि भावंडांना मसूर स्टेशनपासूनच्या बैलगाडीच्या प्रवासात रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी मोठेपणी, जगभर शिकून आल्यावर, तो प्रसंग लिहून ठेवला. कोवळ्या वयातला अपमान किती खोल जातो, हे त्यावरून समजा. मग त्या बाबासाहेबांची लेकरे वसतिगृहात गोंड पोराच्या बोलण्याला हसतात, तेव्हा मला लाज वाटते. वरच्यांनी आपल्याला दिलेले आपण खालच्याला द्यायचे, हे आपले काम नव्हे.

कोणी म्हणेल, सर, आमच्या वस्तीत असे काही नाही, आमची पोरे शिकलेली. मला शिकवणीला येणारी आपल्याच समाजातली एक मुलगी सांगतो. दहावीत होती, हुशार. माय-बापाने भिंतीवर कागद चिकटवला होता, ९० टक्के. सहामाहीला ६८ पडले. पोरगी जेवेना, झोपेना, रात्री उठून बसायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं झालं. अमावास्येला एका बाबाकडे नेले, दोन हजार रुपये गेले. विहारात येणारे घर, बरं का! बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, पण पोरीच्या डोक्यावरून लिंबू उतरवले. शेवटी तिच्या मावशीने हट्ट धरून नागपूरला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. बोलणे झाले, काही महिने औषध झाले. आज ती नोकरी करते. आश्रमशाळेतले पोरगे आणि ही मुलगी, दोघांचे दुखणे निराळे, पण अडचण एकच. सांगायचे कोणाला?

थोडे आकडे सांगतो, मग कामाचे. देशात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. बारा राज्ये होती. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत शंभरात सात जणांना मानसिक त्रास आढळला. म्हणजे पन्नासाच्या वर्गात तीन-चार लेकरे. माझ्या प्रत्येक वर्गात ती बसलेली असणार, आणि मी हजेरी घेऊन मोकळा होत होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यांत सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले.

आता करायचे काय? मी डॉक्टर नाही. पण जे शिकलो ते सांगतो, लिहून घ्या.

पहिले, ओळखायला शिका. लेकरू दोन आठवड्यांहून जास्त उदास राहते, झोप-भूक बिघडते, मित्र सोडून एकटे बसते, अभ्यासातून एकदम मन उडते, चिडचिड वाढते, किंवा तपासणीत काही निघत नसताना डोके-पोट दुखते म्हणते, तर ते ढोंग समजू नका. "मी नसतो तर बरं झालं असतं" असे म्हणाले, आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागले, तर त्याच दिवशी जवळ बसा.

दुसरे, विचारा. "मरावंसं वाटते का रे?" असे सरळ विचारायला आपण भितो. वाटते, आपणच डोक्यात भरवू. तसे होत नाही. प्रेमाने विचारले तर त्याच्या छातीवरचा दगड हलतो. विचारल्यावर उपदेश करू नका, ऐका. आणि अशा वेळी त्याला एकटे सोडू नका.

तिसरे, दवाखाना. हा मांत्रिकाचा प्रांत नव्हे. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या नागपुरात आहे. तिथे जाणारा वेडा असतो, हा समज आजपासून पुसून टाका. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकची चौकशी करा. ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही फुकट दूरध्वनी सेवा आहे, दिवसरात्र. नंबर १४४१६. मराठीत बोलता येते. बालमित्रांनो, हा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहा. स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी.

चौथे, लपवू नका. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यात म्हटले आहे की, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे.

शेवटचे मागणे या विहाराजवळ. आपल्या इथे दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर एक तास या सभागृहाचे दार वयात आलेल्या मुलामुलींसाठी उघडे ठेवावे. भाषण नको, शिकवणी नको. दोन जाणती माणसे, एक बाई आणि एक पुरुष, नुसती ऐकायला बसावीत. तालुक्यातल्या आश्रमशाळांच्या, वसतिगृहांच्या पोरांनाही बोलवावे आणि गोंडी जाणणारा एखादा बांधव सोबत घ्यावा. सामी लोकांनी जे उभे केले, त्याची ही आपली छोटी सुरुवात. पहिल्या रविवारी मी येऊन बसतो. छडी घरी ठेवून येईन.

भगवान बुद्धाने दुःख आहे हे आधी मान्य केले, मग त्याचे कारण शोधले. आम्ही शिक्षकांनी आणि मायबापांनी पहिलीच पायरी चुकविली. लेकराचे दुःख आहे हेच मानले नाही. पोट दुखते म्हणणाऱ्या पोराला यापुढे कोणीतरी विचारील, "कायले दुखते रे बाप्पा?" एवढे झाले तरी माझे आजचे बोलणे कामी आले असे समजेन.

  जयभीम! जय सेवा! नमो बुद्धाय!